अलगदरावांचा नवा प्रोसेसर

अलगदरावांनी माल पाडला. भरदुपारी, स्वतःच्या घरात, खुर्चीत बसून, आणि तोही शेजारच्या कुलुपवाल्याला मुद्दाम हाक मारून बोलावल्यावर. माल खरा नव्हता, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा होता, आणि क्रेनही खेळातलीच होती. पण स्पीकरमधून असा काही धडाका झाला, की कुलुपवाल्याने हातातला चहा निम्मा बशीत आणि निम्मा विजारीवर घेतला. अलगदराव जागचे हलले नाहीत. डोळे पडद्यावर, तोंड उघडं आणि उजवा हात अजून खेळाच्या दांड्यावरच. त्याच दिवशी सकाळी त्यांनी ह्या कॉम्प्युटरात नवी मेमरी आणि नवा प्रोसेसर बसवून आणला होता.

"नवं यंत्र आहे हो, सवय व्हायला वेळ लागतो," कुलुपवाला विजार झटकत म्हणाला आणि त्याने हळूच काढता पाय घेतला.

अलगदरावांनी पुन्हा माल उचलला आणि पुन्हा पाडला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा कपाळावर घाम होता. तिसऱ्यांदाही पाडला.

आता एखाद्या खेळात माल पडला म्हणून मोठ्या माणसाने इतकं हबकून जावं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाटू दे. अलगदराव कोण हे कळलं की वाटायचं नाही.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि बाकी कुणाला त्याची गरज पडत नसे. लोखंडी टाक्या बनवणाऱ्या कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये छताखाली रुळांवर एक क्रेन धावायची, तिच्या पोटाशी काचेची केबिन लटकायची, आणि त्या केबिनमध्ये हे बसायचे. हत्तीएवढी टाकी उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायची आणि ठेवल्याचा आवाज येऊ द्यायचा नाही, ही त्यांची खासियत. बाकीच्यांचा माल टेकला की जमीन हादरायची, खिडक्या वाजायच्या. ह्यांचा टेकला की खालचे लोक विचारायचे, "टेकला का?" त्यावरून अलगद हे नाव पडलं, आणि वय वाढलं तसं त्याला राव चिकटलं. नावाचा त्यांना भारी अभिमान. स्वारी बढाईखोर नव्हती असं कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. पण ज्या गोष्टीची बढाई मारायचे ती गोष्ट त्यांना येत होती, आणि हे सगळ्याच बढाईखोरांबद्दल म्हणता येत नाही.

त्या शेडची एक रीत होती. क्रेन कुणाच्या हाती द्यायची हे तिथे सर्टिफिकेट बघून ठरत नसे. फोरमन जमिनीवर एक काडेपेटी उभी ठेवी, तिचा खण अर्धा बाहेर काढलेला. वरून हूक खाली आणायचा आणि पेटी न चेपता तो खण आत ढकलून बंद करायचा. बंद झाली तर क्रेन तुझी. चेपली तर खाली ये आणि झाडू घे. लांब रजेवरून परतलेल्यालाही पुन्हा काडेपेटी करावी लागे, मग तो कितीही जुना असो. अलगदरावांनी उमेदवारीच्या पहिल्याच दिवशी पेटी बंद केली होती, आणि नंतर तीच पेटी उचलून विडी पेटवून दाखवली होती. ही गोष्ट त्यांनी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलेली आहे. काहींना दोनदा.

तेव्हा खाली उभं राहून खुणा करायला एक मुलगी होती. शेडमध्ये एवढा गोंगाट, की कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. सगळं बोलणं हातांनी. बोट वर करून फिरवलं की उचल, तळवा खाली धरून थोपटल्यासारखा केला की हळू. वर बसलेल्याला हुकाच्या खालचं दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे खालचा माणूस. म्हणून त्या शेडमध्ये उशीर खपायचा, आळस खपायचा, पण खोटी खूण खपत नसे. खोटी खूण करणाऱ्याशी पुढे कुणी बोलतही नसे. आणि ‘थांब’ ही खूण कुणीही करावी, अगदी झाडूवाल्याने किंवा चहावाल्याने. दोन्ही हात आडवे पसरलेले दिसले की क्रेनवाल्याने दांडे मध्यावर आणायचे. का, ते नंतर विचारायचं.

ती मुलगी त्यांना वरून बरीच वर्षं दिसत होती, आणि एक दिवस खाली उतरून त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. तिने तोंडाने उत्तर दिलं नाही, तळवा खाली धरून थोपटला. हळू. मग वर्षाने हो म्हणाली. लग्नानंतर ह्या खुणा घरातही आल्या. पाहुण्यांसमोर स्वारी काडेपेटीच्या गोष्टीवर यायला लागली की स्वयंपाकघराच्या दारातून तळवा थोपटला जायचा. तिसऱ्यांदा साखरेच्या डब्याला हात गेला की दोन्ही हात आडवे पसरायचे, आणि अलगदराव निमूट डबा ठेवून द्यायचे. ऐकायचेच. तिथे त्यांची बढाई चालत नसे. पुढे तिचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा तिने कारखाना सोडला आणि शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं-उतरवायचं काम धरलं. बस मागे घेताना ड्रायव्हरला ती अजून त्याच खुणा करते, आणि तो ड्रायव्हर म्हणतो, मावशी असल्या की मला आरसे लागत नाहीत.

तर असा माणूस एका सकाळी दाढी करता करता आरशासमोर उभा राहिला तो राहिलाच. ब्रश हातातून गळाला. मेंदूत कुठेतरी रक्ताची बारीकशी गुठळी अडकली होती. वेळेवर दवाखान्यात नेलं, जीव वाचला, वाचा वाचली, चालणंही परत आलं. उजवा हातसुद्धा आला, पण एक खोड घेऊन आला. सांगितलेलं करायचा, पण जरा उशिरा. डॉक्टर म्हणाले, हाताला सतत काम द्या. अलगदरावांना दुसरं काम येत कुठे होतं?

त्यांची एकुलती एक लेक कॉम्प्युटरवर खेळ खेळण्यात पटाईत. लग्न होऊन परगावी गेली तेव्हा तिचा जुना गेमिंगचा कॉम्प्युटर माहेरीच राहिला होता. तिने त्यावर एक क्रेनचा खेळ घालून दिला, दोन दांडे जोडून दिले, आणि त्या खेळात एक काडेपेटीसुद्धा तयार करून ठेवली. पहिले काही दिवस फार वाईट गेले. अलगदराव प्रत्येक माल आपटायचे. एकदा त्यांनी दांडा उपटून कोपऱ्यात भिरकावला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला उठेनात, बोलेनात. "मी संपलो," एवढंच एकदा म्हणाले. बायको उशाशी बसून राहिली.

आणि मग हळूहळू जमायला लागलं. आधी माल न आपटता टेकला. मग बिनआवाज टेकला. मग एके दिवशी पडद्यावरची काडेपेटी बंद झाली, आणि अलगदराव इतक्या मोठ्याने हसले की शेजारचा कुलुपवाला धावत आला. त्या दिवसापासून स्वारीचा नूर पालटला. रोज आंघोळ झाली की ते खुर्चीत बसायचे. खेळात हुकाजवळ पिवळ्या टोपीचा एक मदतनीस उभा असायचा, त्याला "काय रे पिवळ्या, जेवलास का?" असं विचारल्याशिवाय ते क्रेन सुरू करत नसत. पेटी बंद होणं हा रोजचा रतीब झाला. कारखान्यात निरोप गेला, आणि फोरमनचा फोन आला. आताचा फोरमन म्हणजे त्यांच्याच हाताखाली शिकून मोठा झालेला.

"दादा, ऐकतोय ते खरं का? हात आला?"

"ये बघायला," अलगदराव म्हणाले. "नाहीतर असं कर, काडेपेटीच ठेव."

"ठेवतो. पुढच्या आठवड्यात. पण दादा, नुसत्या हुकाने नाही हं. रीतीप्रमाणे आधी मालासकट एक फेरी, खाली माणसं उभी. मग पेटी."

"अरे, माणसं उभी कर, तुझा साहेब उभा कर, बँडबाजा लाव!"

बायको तेव्हा दारात उभी होती. तिने तळवा खाली धरून थोपटला. अलगदरावांनी तिकडे चक्क कानाडोळा केला.

आता ह्या आनंदात एकच खडा होता. कॉम्प्युटर अडखळायचा. मध्येच चित्र थबकायचं, मग पुढे सरकायचं. कुलुपवाल्याने सांगितलं की मेमरी आणि प्रोसेसर बदलला की यंत्र नव्यासारखं होतं. अलगदरावांनी ही गोष्ट जेवताना काढली, तर बायको चटकन म्हणाली, "कशाला ते? चाललंय ते काय वाईट आहे?"

"अगं, खऱ्या परीक्षेला खऱ्यासारखा सराव नको? हे म्हणजे गुळात रुतलेल्या मुंगीसारखं चालतं."

"परीक्षा होऊन जाऊ दे. मग बदला."

एरवी घरात काही नवं आणायला तिची ना नसे. पण स्वारी हवेत होती, तिच्या आवाजाकडे लक्ष कोण देतो? माल पडला त्या दिवशी सकाळी ती बसवर गेली, तसा त्यांनी कॉम्प्युटर जुन्या चादरीत बांधला, पाठीवर टाकला आणि चौकापलीकडच्या दुकानात नेला.

दुकानाची मालकीण कुरळ्या केसांची, कपाळावर दिव्याचा पट्टा बांधलेली. तिने डबा आडवा करून त्याचं झाकण काढलं आणि आत बघून भुवया उडवल्या. पंख्यावर धुळीचं लोकरी पांघरूण होतं. ते तिने दाराबाहेर नेऊन फुंकणीने उडवलं. मग स्क्रू सैल करून पंखा थोडा पिळत सोडवला, खाली वाळलेली राखाडी पेस्ट कापसाने पुसली, बाजूची बारीक तार उचलली आणि जुना प्रोसेसर काढला. छोट्या बिस्किटाएवढ्या त्या चौकोनाकडे अलगदराव भक्तिभावाने बघत राहिले. एवढ्याशा तुकड्यावर त्यांची टाक्याच्या टाक्या उचलणारी क्रेन चालत होती.

"मेमरीची एकच पट्टी आहे, काका," मालकीण म्हणाली. "दुसऱ्या खाचेत धूळही कमी दिसतेय. पट्टी होती आणि कुणीतरी काढलीय."

"लेकीने नेली असेल."

"असेल." तिने नव्या दोन पट्ट्या बसवल्या, दोन्ही टोकांना टक् टक् आवाज होईपर्यंत अंगठ्यांनी दाबल्या. मग नवा प्रोसेसर उघडला. "आता हा मात्र दाबायचा नाही. कोपऱ्यातली खूण जुळवायची आणि अलगद ठेवायचा. आपोआप बसतो."

अलगदराव एवढे खूश झाले, की त्यांना खुर्चीत राहवेना. "मी ठेवू? माझं नावच आहे ते."

तिने हसून त्यांच्यासमोर तो चौकोन धरला. अलगदरावांनी दोन बोटांनी तो घेतला, खूण जुळवली आणि सोडला. बसला. मालकिणीने मान डोलावली. त्यांनी तो डाव्या हाताने ठेवला होता, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. तो हात आपणहून पुढे झाला होता.

"सेटिंगमध्ये काहीतरी अडकवून ठेवलं होतं, तेही मोकळं केलंय," डबा बंद करताना ती म्हणाली.

"झकास," अलगदराव म्हणाले, आणि काय अडकवलं होतं ते विचारायचं त्यांना सुचलं नाही.

ह्यानंतर घरी येऊन कुलुपवाल्याला बोलावणं झालं, चहा झाला आणि माल पडला.

चौथ्यांदा त्यांनी माल उचललाच नाही. सगळं कसं सैरावैरा धावत होतं. दांडा जरा पुढे केला की हूक झपकन खाली, मागे घ्यावा तोवर माल जमिनीत. कॉम्प्युटरवालीने यंत्राची वाट लावली होती, दुसरं काय! त्यांनी पुन्हा चादर काढली, ह्या वेळी दांडेही बांधले, पुन्हा पाठीवर बोजा घेतला, आणि भर उन्हात चौकापलीकडे जाऊन दुकानाच्या काउंटरवर तो दाणकन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादी वस्तू दाणकन ठेवली असेल.

"हे काय करून दिलंत, ताई? पिसाळलंय ते!"

मालकिणीने शांतपणे तारा जोडल्या, खेळ सुरू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर बोट ठेवलं. "हे खेळातलं घड्याळ. आणि ते भिंतीवरचं. दोन्हींकडे बघा." दोन्ही काटे बरोबरीने सरकत होते. "आता बघा." ती सेटिंगमध्ये शिरली, एक आकडा खाली ओढला. खेळातला काटा सुस्तावला. भिंतीवरचा पुढे निघून गेला, हा मागे रेंगाळत राहिला.

"कुणीतरी प्रोसेसरला लगाम घातला होता, काका. असा. वर मेमरीही अर्धी काढलेली. यंत्राला झेपत नाही तेव्हा हा खेळ बंद पडत नाही, संथ होतो. माल संथ पडतो, हूक संथ हलतो. सकाळी मी लगाम काढला. पिसाळलेलं काही नाही. हा खरा वेग आहे."

"काहीतरीच काय," अलगदराव म्हणाले.

"बसा ना, करून बघा."

ते बसले. लगाम घातलेल्या यंत्रावर त्यांनी माल उचलला, नेला, टेकवला. आवाज नाही. हूक खाली आणला, काडेपेटी बंद. अगदी रोजच्यासारखी. मग तिने आकडा वर नेला. त्यांनी हूक खाली आणला आणि काडेपेटीचा भुगा झाला.

अलगदराव आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागले. हा हात कुणाचा, असं बघावं तसे. इतके महिने ज्याची पाठ थोपटली, ज्याच्या जोरावर फोरमनला बँडबाजा लावायला सांगितला, तो हात आजारपणाच्या पहिल्या दिवसांत जिथे होता तिथेच होता. सुधारला नव्हताच. जग तेवढं त्याच्यासाठी कुणीतरी हळू केलं होतं. पुढच्या आठवड्यात ते शिडी चढून जाणार होते, आणि खाली माणसं उभी राहणार होती.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"ते यंत्र सांगत नाही," मालकीण म्हणाली. "पण घरातलंच कुणीतरी. रोज हाताळणारं."

परत येताना त्यांना रस्ता दिसला की नाही कोण जाणे. घरी आले तेव्हा बायको बसवरून येऊन पाय धूत होती. पाठीवरचा चादरीतला बोजा तिने बघितला, आणि तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाणी नुसतं पायावरून वाहत होतं. अलगदरावांना काही विचारायची गरजच उरली नाही.

तरी त्यांनी विचारलं. "तू?"

तिने होकाराची मान हलवली. आत गेली, शिलाईच्या डब्यातून बटणांच्या खालून मेमरीची पट्टी काढली आणि आणून टेबलावर ठेवली. "लेकीला मीच सांगितलं होतं. तिने फोनवरून दाखवलं, कुठे काय खाली ओढायचं ते. ती म्हणाली होती, आई, दर थोड्या दिवसांनी वाढव, म्हणजे बाबांचा हातही वाढेल. मी वाढवायचे, अहो. शप्पथ वाढवायचे. वाढवलं की तुम्ही पाडायचा. पाडलं की तोंड असं व्हायचं तुमचं... मग मी परत खाली आणायचे."

"सहा महिने."

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवत नव्हता. मला वाटलं, हा माणूस आता उठत नाही. ज्या दिवशी तुम्ही हसलात ना, त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. मग माझा धीरच झाला नाही."

"आणि फोरमनचा फोन आला तेव्हा? तेव्हाही नाही?"

"रोज ठरवत होते, आज सांगते."

"आणि नसतं सांगितलंस तर? मी शिडी चढलो असतो! खाली माणसं असती!" अलगदरावांचा आवाज चिरकला. "तू खाली उभी राहिलेली बाई! तुला माहीत नाही? मला वरून दिसत नाही गं काही! मला तूच दिसतेस फक्त! आणि तू मला खोटी खूण केलीस!"

हा वार तिला बसला. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मी फोरमनला सांगून ठेवलंय. त्या दिवशी खाली खुणा मीच करणार. तुम्ही चढायच्या आधीच मी थांब केलं असतं."

"केलं असतंस?"

तिने त्यांच्याकडे बघितलं. ह्या बाईने एवढ्या वर्षांत त्यांच्यापासून एकच गोष्ट लपवली होती, आणि आता तिला दुसरी लपवता येईना. "माहीत नाही," ती म्हणाली.

अलगदरावांना ह्याचाच सगळ्यात मोठा धक्का बसला. यंत्राचा नाही, हाताचाही नाही. ते रागारागाने तारा जोडायला लागले. आठवडा आहे, म्हणाले. खऱ्या वेगाने शिकेन. आधी शिकलो नव्हतो का? हात म्हणजे काय, हात ऐकतो, ऐकवावा लागतो. बोलत होते आणि तार चुकीच्या भोकात खुपसत होते. तिने पुढे होऊन ती नीट लावली.

"मी करू खुणा?" तिने विचारलं.

त्यांनी खुर्ची थोडी वळवून घेतली, म्हणजे ती दिसेल. ती पडद्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, पायांत अंतर घेऊन, पूर्वी उभी राहायची तशी. पडद्यावर पिवळ्या टोपीचा मदतनीस आला. आज त्याला जेवलास का असं कुणी विचारलं नाही.

तिचं बोट वर होऊन फिरलं. अलगदरावांनी माल उचलला. तिने एका हाताने बाजू दाखवली, क्रेन निघाली. तळवा थोपटला, त्यांनी वेग कमी केला, जमलं. खरंच जमलं. गुडघे दुखणारी ती बाई आणि घामाघूम झालेला तो माणूस, दोघांचेही डोळे क्षणभर चमकले. तिने खाली घे अशी खूण केली. माल खाली यायला लागला.

पिवळ्या टोपीचा मदतनीस मालाचा पट्टा धरायला पुढे सरकला. खेळात तो नेहमीच सरकायचा. नेहमी त्याला वेळ मिळायचा.

तिने दोन्ही हात आडवे पसरले.

अलगदरावांनी बघितलं. अगदी स्वच्छ बघितलं. आयुष्यभर जी खूण दिसली की विचार न करता दांडे मध्यावर यायचे, ती खूण. त्यांच्या मनाने ती त्याच क्षणी पाळली. मग हाताला ती कळली. मग हात हलला. माल थांबला, पण त्याआधी पडद्यावर धप्प असा एक लहानसा आवाज झाला होता, आणि पिवळी टोपी घरंगळत कडेला जाऊन पडली होती.

तिचे हात अजून आडवेच होते. खूण आणि थांबणं ह्यांच्यामध्ये किती जागा असते, हे अलगदरावांना आज कळलं. एक माणूस मावेल एवढी होती.

ते उठले. तिच्याजवळ गेले आणि तिचे दोन्ही हात धरून खाली केले.

"ही खरी होती," ते म्हणाले.

मग त्यांनी फोन उचलला. डाव्या हाताने. पलीकडून फोरमन आनंदाने ओरडला, "बोला दादा! तयारी झाली? मी इकडे नवी कोरी पेटी आणून ठेवलीय!"

बायको त्यांच्याकडे बघत उभी होती, आणि ह्या वेळी ती कुठलीही खूण करत नव्हती.

"अरे," ते म्हणाले, "काडेपेटी ठेवू नकोस."